आरोग्य संशोधनातील सहभागींसाठी स्वतंत्र अ‍ॅप बनवताना कोणती साधने वापरावीत?

आयफोनपुरता विचार असेल, तर अ‍ॅपलच्या रिसर्चकिटपासून सुरुवात करावी. मार्च 2015 मध्ये जाहीर झालेला हा संच पुढच्याच महिन्यात मुक्त स्रोत म्हणून खुला झाला. त्यात संमतीपत्र, प्रश्नावली आणि प्रत्यक्ष कृतीच्या चाचण्या असे तयार भाग मिळतात. त्यांचा क्रम, मजकूर आणि मांडणी आपण आपल्या अभ्यासानुसार ठरवू शकतो.

या चाचण्यांची ताकद अमेरिकेतील सेज बायोनेटवर्क्स या संशोधन संस्थेच्या एमपॉवर या पार्किन्सन्सविषयक (कंपवाताविषयीच्या) अभ्यासात दिसली. सहभागी दोन बोटांनी पडद्यावरच्या दोन ठिकाणी वीस सेकंद आलटूनपालटून टिचक्या मारतो आणि फोन प्रत्येक टिचकीची वेळ व जागा टिपतो, त्यामुळे दवाखान्यात कधीतरी होणारी तपासणी घरी, औषध घेण्यापूर्वी आणि नंतरही करता येते.

मात्र रिसर्चकिट माहिती फक्त गोळा करते. ती सुरक्षितपणे पाठवणे आणि साठवणे यासाठी सर्व्हरची व्यवस्था तुम्हालाच उभारावी लागते, आणि माझ्या मते खरे कष्ट तिथेच पडतात. अँड्रॉइडसाठी गुगलने विकसित केलेला मुक्त स्रोत अँड्रॉइड फायर एसडीके (FHIR या आरोग्य-माहितीच्या मानकावर आधारलेला अ‍ॅप बनवण्याचा संच) पाहावा, कारण त्यात प्रश्नावली इंटरनेट नसतानाही भरता येते.

एक कळकळीची विनंती आहे: संमतीचे पडदे शेवटी घाईने उरकू नका. ते सहभागीच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहा आणि अभ्यासातून बाहेर पडण्याचे बटण सहज सापडेल अशा जागी ठेवा.