सोन्याला इन्सुलिन सुरू करा, ताई

ताई, तुमचा सोन्या पार्किंगमधून उचलून आणलेला, आता नऊ-दहा वर्षांचा. शुगर ४२० निघाली, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितलंय, आणि घरचे म्हणतायत की रस्त्यावरच्या बोक्यासाठी एवढं कशाला, त्याचेच हाल होतील. तुम्ही विचारलंत, सुरू करू का आणि किती जगेल? किती जगेल ते कुणालाच सांगता येणार नाही. पण सुरू जरूर करा. आमच्या बाळू बोक्याला शुगर होती, त्याच्यावर मी काही वर्षं हे सगळं केलंय, आणि तो गेला तो शुगरने नाही गेला.

आधी एक खात्री करून घ्या. मांजर दवाखान्यात घाबरलं की नुसत्या भीतीने त्याची शुगर ३००च्या वर जाऊ शकते. म्हणून एका आकड्यावर थांबू नका. लघवीत साखर आहे का ते बघायला सांगा, आणि फ्रुक्टोसामाइनची तपासणी करा. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांत शुगर साधारण कशी होती ते कळतं, त्या दिवशीच्या भीतीचा त्यावर परिणाम होत नाही. अर्थात तुम्ही जे लिहिलंय, पाण्याचं भांडं सारखं रिकामं, वाळूत लघवीचे मोठेमोठे गोळे, खाऊनपिऊन पाठीचा कणा हाताला लागतो, त्यावरून मला तरी शंका वाटत नाही. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतो म्हणालात, तेही यातलंच. वाढलेल्या शुगरने पायाच्या नसांवर परिणाम होतो. शुगर आटोक्यात आली की पुष्कळदा हळूहळू सुधारतं. बाळूची ओट्यावरची उडी पूर्ण बंद झाली होती. काही महिन्यांनी एका सकाळी तो परत ओट्यावर, बांगड्याच्या पातेल्याशेजारी बसलेला. त्या दिवशी मला त्याला ओरडवलं नाही.

सोन्याच्या हिरड्या कशा आहेत? बाहेरून आणलेल्या बोक्यांचं तोंड बरेचदा खराब असतं. सूज उतरावी म्हणून त्यांना स्टेरॉइडची लांब टिकणारी इंजेक्शनं दिली जातात, आणि ज्याचं वजन वाढलंय, नसबंदी झालीय, वय झालंय अशा बोक्यात तेवढ्याने शुगर उघडी पडू शकते. त्याला पूर्वी कधी असं इंजेक्शन दिलं असेल तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा. शिवाय तोंडात जंतुसंसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. बाळूचे किडलेले दात काढले आणि त्यानंतर त्याचा डोस उतरला.

आता सिरिंज. बाकी सगळं चाळलंत तरी चालेल, एवढं नीट वाचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४०ची आणि केशरी टोपणाची १००ची. हा आकडा म्हणजे एक मिलीलीटर इन्सुलिनमध्ये किती युनिट ते. ग्लार्जिन हे १००चं इन्सुलिन. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलंत तर प्रत्यक्षात अडीच युनिट जाईल. मांजराची सुरुवातच अर्ध्या-एक युनिटने होते, तिथे अडीच म्हणजे जिवावरचं काम. काउंटरवरचा मुलगा घाईत असतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे स्वतः वाचा, दर वेळी. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या.

टोचण्याची धास्ती तुम्हाला वाटतेय तेवढी त्याला वाटणार नाही. सुई केसासारखी बारीक असते. ताटली पुढे ठेवायची, त्याने खायला तोंड घातलं की खांद्यापाशी किंवा कुशीवर कातडी चिमटीत उचलायची, खाली पोकळी होते तिथे सुई सरकवायची. केस ओले झाले तर औषध बाहेर सांडलं असं समजा, पण म्हणून दुसऱ्यांदा देऊ नका. पुढचा डोस बारा तासांनीच. आणि खाल्लं नाही तर नेहमीचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन.

घरी ग्लुकोमीटर ठेवा. कानाच्या कडेला कोमट फडकं धरायचं, आतून कापसाचा बोळा टेकवायचा आणि कडेच्या शिरेजवळ टोचायचं. तांदळाच्या कणीएवढा थेंब पुरतो. माणसांचं मशीन मांजरात खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, ते डॉक्टरांना ठाऊक असतं, फक्त मशीन बदलत राहू नका. आकडा ६०च्या खाली गेला, किंवा तो झोकांड्या देऊ लागला, थरथरला, नजर हरवल्यासारखी झाली, तर आधी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि मग दवाखाना. बेशुद्धीत तोंडात ओतू नका. उलट बाजूने, तो खात नाही, उलट्या करतो, मलूल पडलाय, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.

दूधभात, दहीभात, पोळीचा कुस्करा बंद करा. कोरडे दाणेही कमी करत न्या, त्यात पिष्ट बरंच असतं. ओलं, मांसाचं खाणं द्या. मात्र हा बदल डॉक्टरांना सांगूनच, कारण पिष्ट कमी झालं की जुना डोस जास्त ठरू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत शुगर नीट आवरली तर काही मांजरांचं इन्सुलिन चक्क सुटतं. बाळूचंही मधे सुटलं होतं. पुढे परत लागलं, पण तो मधला काळ आम्हा दोघांनाही मोकळा मिळाला.

मग त्याच्या किडन्या गेल्या. म्हाताऱ्या मांजरांत ते नेहमीचं आहे. घरी कातडीखाली सलाईन लावत होतो, काही काळ बरं चाललं. नंतर रिपोर्टपेक्षा त्याच्याकडेच बघायला लागले. त्याच्या खाण्याचं कपाट उघडल्याचा आवाज आला तरी उठेना, अंग चाटणं सोडलं, अन् मोरीत थंड लादीवर जाऊन बसू लागला. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तो माझ्या मांडीवर सैल पडला, मग शिरेतून शेवटचं. डोळे उघडेच राहतात, हे कुणी आधी सांगितलेलं असावं म्हणून लिहिते. मुंबईत असाल तर मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय २०२३ पासून आहे. मी फार रडले, अजूनही रडते. पण त्याला झोपवल्याचा मला पस्तावा नाही, आणि त्याआधी रोज दोनदा टोचल्याचा तर मुळीच नाही. त्या सुयांमुळे तो गॅलरीतल्या उन्हात, भरल्या पोटी, आपल्या पायांनी चालत जगला.

तो निर्णय तुमच्यापुढे आज आलेला नाही. आज उपचार न करणं म्हणजे त्याला शांतपणे जाऊ देणं नव्हे, हे घरच्यांना सांगा. बिनइन्सुलिनचा बोका तहानेने आणि भुकेने झुरत जातो, शेवटी उलट्या करत. हाल ते आहेत. आणि रस्त्यावरचा म्हणाल तर सोन्याचं आयुष्य तुमच्याच घरात गेलंय, तो तुमचाच आहे.

खर्चाचं मोकळेपणाने डॉक्टरांशी बोला, घरची एक तरी दुसरी व्यक्ती टोचायला शिकवून ठेवा, म्हणजे गावी लग्नकार्याला जाता येईल. सिरिंज आणली की टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा इथे लिहा, पहिला डोस द्यायच्या आधी.