‘काही होणार नाही’ असं तिला सांगू नका

मस्कतहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्नीचं वय ४१. शाळेत असल्यापासून तिच्या पाठीला बाक आहे, म्हणजे कणा एका बाजूला वाकलेला आहे; डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. गेल्या काही वर्षांत तो वाढत ५८ अंशांवर गेला, कंबर आणि डावा पाय रोज दुखायला लागला, आणि आता शस्त्रक्रिया ठरली आहे. ती गोव्यात करायची, कारण तिचं माहेर बांदोड्याला आहे आणि नंतर सांभाळायला आई आहे. पुढचं त्यांच्याच शब्दांत देते:

“ऑपरेशनला ती स्वतःच हो म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालंय. मी रोज सांगतो, अगं काही होणार नाही, हल्ली सगळं मशीनवर असतं. ती नुसतं ‘हूं’ म्हणते. सासूबाईंचं म्हणणं, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे, शिवाय आधी देवाला कौल लावू. मला महिनाभराची रजा मिळेल. मुलगी ११ वर्षांची आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. मी बायकोला धीर कसा देऊ?”

तुमची तळमळ पत्रातून दिसते, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. ‘काही होणार नाही’ हे वाक्य आजपासून बंद करा. तिनं सर्जनसमोर बसून सगळे धोके ऐकले आहेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसांना इजा, स्क्रू सैल होणं, हाड न जुळणं. हे त्रास लहान मुलांपेक्षा मोठ्या वयात जास्त होतात, हेही तिनं रात्री मोबाइलवर वाचलं असणार. अशा वेळी तुम्ही ‘काही होणार नाही’ म्हणता, तेव्हा तिला पुढे बोलायला वावच राहत नाही. वर तुमचीही भीती तीच सांभाळत बसते. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून ऑर्थोपेडिक वॉर्डात काम केलं आहे. नवरा औषधं आणायला खाली गेला की बायका बोलू लागतात, आणि शेवटी हमखास म्हणतात, “ह्यांना सांगू नका हां, उगाच घाबरतील.”

तेव्हा विचारा, “तुला नेमकी कशाची भीती वाटते?” विचारल्यावर गप्प राहा. उत्तर एका बैठकीत येणार नाही. आज कमोडबद्दल बोलेल, चार दिवसांनी मुलीबद्दल. जे सांगेल ते वहीत लिहून घ्या आणि भूलतज्ज्ञ व सर्जन यांच्या भेटीला ती वही घेऊन जा.

पाय लुळे पडतील ही भीती बहुतेकांना असते. त्यावर खरं काय ते असं: शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूकडून पायांकडे आणि पायांकडून मेंदूकडे जाणारे संदेश यंत्रावर सतत पाहता येतात. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक साधी चाचणी मांडली होती. मध्येच भूल हलकी करायची आणि पेशंटला पाय हलवायला सांगायचं. गरज पडली तर ती आजही करतात. यामुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. “माझ्या वयाला, माझ्या बाकाला तुमच्याकडे हा धोका किती?” हा प्रश्न तिनं सर्जनना विचारावा आणि तेव्हा तुम्ही शेजारी असावं. खरा आकडा कळला की माणूस निदान त्या आकड्याशी झगडू शकतो.

दुसरी भीती वाकण्याची. या ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोन्ही बाजूंनी रॉड जोडतात, कणा जमेल तितका सरळ करतात आणि मध्ये हाडाचा चुरा घालतात, म्हणजे ते मणके कायमचे एकजीव होतात. तो भाग पुढे वाकत नाही. छातीमागचे मणके तसेही फार वाकत नाहीत. खाली वाकणं मुख्यतः कंबरेतून आणि खुब्यांतून होतं. म्हणून रॉड कुठून कुठपर्यंत जाणार हे विचारायलाच हवं. जोडणी थेट कटीच्या हाडापर्यंत जाणार असेल, तर पायाची नखं कापणं, मोजे चढवणं आणि शौचानंतर स्वच्छता करणं अवघड जातं. या शेवटच्या गोष्टीबद्दल बायका डॉक्टरांशीही बोलत नाहीत. तुम्ही बोला, डॉक्टरांशी आणि तिच्याशी. घरी हँडशॉवर आणि उंच कमोड लावून घ्या, लांब दांड्याची साधनंही मिळतात.

आता जरा नाजूक विषय. शाळेत असल्यापासून जिच्या पाठीला बाक आहे, ती बाई आयुष्यभर पाठ लपवत आलेली असते. पोलक्याच्या एका बाजूला कापसाची घडी कोणी शिवून दिली, हे फक्त गावच्या शिंप्याला आणि आईला ठाऊक. पदर नेमक्या कुठल्या खांद्यावरून किती ओढायचा, फोटोत कुठल्या बाजूला उभं राहायचं, स्थळ बघायला माणसं आली की पाणी देऊन पाठ न फिरवता आत कसं जायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. आणि आता तीच पाठ एक्स-रेच्या पडद्यावर पाच अनोळखी माणसं एकदम बघतात, पेनानं त्यावर रेघा मारतात. नंतर वरपासून खालपर्यंत व्रण राहणार. तिच्या गप्प होण्यात याचाही वाटा असेल, असं मला वाटतं. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची पाठ तुम्ही उजेडात नीट पाहिली आहे का? नसेल, तर ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी तिला वाटलं तर पाहा, हात ठेवा. ‘तू मला अशीच आवडतेस’ वगैरे लगेच म्हणायला नको. ती म्हणाली की एक फोटो काढून ठेवू, तर काढा. नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

मुलीला सांगा, आणि लवकर सांगा. ११ वर्षांच्या मुलीला घरातली कुजबुज कळते. ती मनाने त्याहून भयंकर काहीतरी रचते. आईच्या पाठीचं हाड वाकलं आहे, डॉक्टर ते सरळ करून पट्ट्यांनी धरून ठेवतील, काही दिवस आई तुला जवळ ओढून घेऊ शकणार नाही, इतकं पुरे. आणि एक काम लगेच करा. हा त्रास काही घरांत आनुवंशिक असतो आणि साधारण १० ते १४ या वाढीच्या वयात झपाट्यानं वाढतो. मुलीला पाय जुळवून, हात सैल सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. एका बाजूची पाठ दुसरीपेक्षा उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. या वयात सापडलं तर बहुतेकदा लक्ष ठेवून किंवा पट्टा लावून भागतं. दिसायला सारखी असली तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. ‘माझ्यामुळे हिलाही’ हा विचार आईच्या मनात घोळत असतो. तो तिच्या तोंडून निघण्याआधी तुम्ही मुलीला तपासून आणलं, तर तिच्या छातीवरचं केवढं ओझं उतरेल.

सासूबाईंचं काय? त्यांच्या भीतीमागे त्यांचा काळ आहे. अमेरिकेत डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी कण्याला रॉड लावण्याची पद्धत १९६२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हाही पेशंटला नंतर कित्येक महिने प्लास्टरमध्ये राहावं लागायचं. अशा कुणा मुलीच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या असतील. आता स्क्रू प्रत्येक मणका धरून ठेवतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करतात. हे त्यांना सर्जनच्या तोंडून ऐकू द्या, एका भेटीला सोबत न्या.

कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला फुलाची पाकळी लावायची आणि ती कुठल्या बाजूनं पडते त्यावरून होकार-नकार मानायचा. त्याबद्दल माझं मत सांगते. ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न पाकळीवर सोडू नये. पाकळी डावीकडून पडली तर त्या सगळ्या घराची झोप जाईल आणि तुमची बायको त्या धास्तीतच टेबलावर झोपेल. आईंना म्हणा, कौल नको, देवापुढे गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घातल्यानं कुणाचं काही अडत नाही आणि आईच्या जिवाला तेवढाच आधार.

चवथीच्या बाबतीत मात्र सासूबाईंशी मी सहमत आहे. असा बाक मोठ्या वयात सरासरी वर्षाला एखादा अंश वाढतो. काही आठवड्यांनी फरक पडू नये, तरी सर्जनना विचारून घ्या. पायातली ताकद कमी होऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. चवथीला बांदोड्याचं घर माणसांनी भरलेलं, पायऱ्या ओल्या, सगळं बसणं जमिनीवर. ऑपरेशन झालेल्या पाठीला ते घर मानवणार नाही. तिला यंदा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची असेल तर बांधू दे, आरत्यांना घुमट हे मातीचं वाद्य वाजू दे, मग पाहुणे गेल्यावर घर मोकळं करा.

मोकळं करा म्हणजे काय ते सांगते. साधारण तीन महिने तिला वाकायचं नाही, पाठ पिळायची नाही, वजन उचलायचं नाही. हाड पक्कं जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून नारळ खवणं, विहिरीची कळशी, न्हाणीतली भरलेली बादली, सगळं बंद. रोज लागणाऱ्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणा. हाताची, जरा उंच खुर्ची ठेवा.

पलंगावरून उठण्याचा सराव मस्कतमध्येच सुरू करा, दोघांनी मिळून. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. मग खांदा आणि कंबर एकदमच एका कुशीवर वळवायची. आधी खांदा आणि मागून कंबर, असं चालत नाही. पाय पलंगाखाली सोडायचे, त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरानं आणि वरच्या हातानं रेटून बसतं व्हायचं. थोडं थांबून, चक्कर येत नाही ना बघून, मगच उभं राहायचं. तुम्ही स्वतः झोपून करून बघा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिला उभी करतील तेव्हा शरीराला हे ठाऊक असेल, आणि शेजारचा माणूस काय करायचं ते जाणतो, याचा जो धीर वाटतो तो दुसऱ्या कशानं येत नाही.

रजा एका दमात संपवू नका. दोन-तीन दिवस आधी या, हॉस्पिटलातला साधारण आठवडा आणि घरचे पहिले काही दिवस सोबत काढा, मग परत जा. उरलेली रजा पाच-सहा आठवड्यांनंतरसाठी ठेवा. तोवर भेटायला येणारे बंद झालेले असतात, आई दमलेली असते, आणि हिला वाटू लागतं की आपण आता अशाच राहणार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. दुखण्याची औषधं, मोडलेली झोप, बद्धकोष्ठ, सगळं एकत्र येतं. तुम्ही मस्कतला असलात तरी रोज ठरल्या वेळी फोन करा आणि आज किती चाललीस ते विचारा. उदासपणा दोन आठवडे टिकला तर डॉक्टरांना सांगा. ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज, धाप, पायात नवी अशक्तता, यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, तिला हॉस्पिटलात न्यायचं.

नातेवाइकांना काम द्या, म्हणजे मतं कमी येतील. रक्तपेढीसाठी रक्तदाते लागतील, ते मेव्हणे आणि चुलतभाऊ बघोत. रात्रीची सोबत, डबा, गाडी वाटून द्या. बातमी एकानेच सगळ्यांना कळवायची. आणि ‘आमच्या अमक्याचं असंच केलं होतं आणि’ म्हणून कुणी सुरू झालं की तुम्ही त्यांना गोडीनं बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, घेऊन जा. हे काम मेव्हण्यावर टाकू नका, ते तुमचंच.

तिचं परतीचं तिकीट सर्जननी हो म्हटल्यावरच काढा. सोबत धातू बसवल्याचं पत्र आणि एक्स-रेची प्रत ठेवा, विमानतळाच्या तपासणीत ते लागू शकतं. जागा पॅसेजच्या कडेची मागा, मध्येमध्ये उठून चालता यायला हवं. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, ती लाजली तरी. आमसुलं, उकडे तांदूळ आणि आईनं भरलेल्या बरण्यांची बॅग तुम्हीच उचलायची.