पणजोबांनी युद्धातून आणलेली अरबी तलवार

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. जुनं घर उतरवताना माळ्यावर अरबी अक्षरं कोरलेली तलवार निघाली. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शर्कतला शरण आलेल्या एका अरब स्वाराची ती तलवार, असं घरात सांगतात. ही लूट ठरेल का? आणि इंग्लंडमधल्या लेस्टरचा चुलतभाऊ मागतोय, त्याला देऊ का?

तुम्हाला १९१८ ची चिंता आहे. मला यंदाची आहे.

आधी लुटीचं. शर्कतला ११४ वी मराठा पलटण लढली होती, त्यामुळे घरची गोष्ट तारखेत बसते. युद्धकैद्याच्या खासगी वस्तू त्याच्याच राहतात, पण त्यातून शस्त्रं, घोडे आणि लष्करी कागद वगळलेत, असं तेव्हाच्या हेग नियमावलीतच, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच, आहे. म्हणजे तलवार काढून घेणं ही लूट नव्हे. मात्र असं शस्त्र सरकारजमा व्हायचं, शिपायाचं होत नसे. साहेबानं बक्षीस दिल्याची चिठ्ठी ट्रंकेत सापडली तर सोन्याहून पिवळं. नाही सापडली, तरी शंभर वर्षांनी त्यावर दावा टिकणं अवघड.

खरी अडचण शस्त्र अधिनियम, १९५९ ची. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार परवान्याच्या यादीत आहे. कलम ४ प्रमाणे सरकारनं अधिसूचित केलेल्या भागात परवाना लागतो, आणि घरात तलवार मिळाली म्हणून कलम ४ आणि २५ खाली गुन्हे आपल्याकडे सर्रास दाखल होतात. शिक्षा एक ते तीन वर्षं. 'पुरातन शस्त्राला कलम ४५ मध्ये सूट आहे' असं कुणी सांगेल. ते कलम नीट वाचा, त्यातली भाषा 'बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या' शस्त्राची आहे. त्या भरवशावर तलवार भिंतीला टांगू नका.

ती पिशवीत घालून एसटीनं पोलिस ठाण्यातही नेऊ नका! फोटो आणि लांबीसह लेखी अर्ज द्या, पोलिसांना घरी येऊन पंचनामा करायला सांगा, पोच घ्या. कलम २१ खाली शस्त्र ठाण्यात जमा ठेवता येतं. मग परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा.

लेस्टरचं विसरा. तिथे शंभर वर्षांपुढच्या तलवारीला सूट आहे हे भावाचं म्हणणं बरोबर आहे, पण अडसर आपल्याच उंबऱ्यात आहे. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यानं खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरनं पाठवली तरी तेच. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम.

परवाना नको वाटला, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून ते तलवार स्वीकारतील का, विचारा. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. तोवर लोहाराकडून पातं घासून घेऊ नका. त्या अरबी अक्षरांवरूनच तिचं वय ठरायचं आहे.