माहितीपटाचे संकलन शिकताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माहितीपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची बरीच पत्रे या सदराकडे साठली होती. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सॉफ्टवेअरविषयी सर्वाधिक वाचकांनी विचारले असले, तरी त्या प्रश्नाचे उत्तर मुद्दामच आटोपशीर ठेवले आहे.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. संकलन शिकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. माझा संगणक साधा आहे आणि फोनवर चित्रित केलेले फुटेज टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) सतत अडखळते.

उत्तर : दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांपैकी तुमच्या संगणकावर जे सुरळीत चालेल ते घ्या आणि एक छोटा माहितीपट पूर्ण होईपर्यंत ते बदलू नका. क्लिपचा आरंभबिंदू व अंत्यबिंदू ठरवणे, कट देणे, कट पुढे-मागे सरकवणे, मधली पोकळी मिटवणे, आवाजाची पातळी की-फ्रेमने (टाइमलाइनवर ठिकठिकाणी ठरवलेल्या बिंदूंनी) वर-खाली करणे आणि फेड देणे, म्हणजे चित्र किंवा आवाज हळूहळू आणणे वा विरवणे, या मूलभूत क्रिया सर्वत्र त्याच असतात. बदलतात ती फक्त बटणांची ठिकाणे.

फुटेज अडखळण्याचे कारण सहसा फाइलच्या रचनेत असते. फोन ज्या प्रकारे व्हिडिओ साठवतात त्यात मोजक्याच चौकटी पूर्ण स्वरूपात असतात आणि उरलेल्या चौकटींसाठी शेजारच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा नोंदवलेला असतो. त्यामुळे जागा वाचते, परंतु टाइमलाइनवर कुठेही थांबले की ती एक चौकट उभी करण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. यावर प्रॉक्सी हा उपाय आहे. सॉफ्टवेअर मूळ फाइलची कमी आकाराची प्रत तयार करते, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि अंतिम एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलवरून होतो. त्याशिवाय अनेक फोनमध्ये सेकंदाला पडणाऱ्या चौकटींची संख्या स्थिर नसते, प्रकाशानुसार ती बदलत राहते. अशा फाइली काम सुरू करण्यापूर्वीच हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घ्याव्यात. मूळ फुटेजच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी ठेवावी, हेही जाता जाता सांगतो.

प्रश्न : आमच्या गटाने पाच व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. एकूण सहा तासांचे फुटेज जमले आहे आणि माहितीपट बारा मिनिटांचा करायचा आहे. चांगले शॉट निवडून टाइमलाइनवर मांडून पाहिले, पण त्यातून काहीच उभे राहत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सहा तासांतून बारा मिनिटे म्हणजे तीस मिनिटांमागे एक मिनिट. माहितीपटासाठी हे प्रमाण मुळीच अवाजवी नाही, तेव्हा फुटेज जास्त झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अडचण आहे ती तुम्ही शॉटपासून सुरुवात केलीत यात. मुलाखतींवर उभा असलेला माहितीपट बोलण्यातून घडतो. म्हणून आधी बोलणे संकलित करावे आणि चित्राकडे नंतर वळावे.

प्रत्येक मुलाखत टाइमकोडसह, म्हणजे फुटेजमधील नेमक्या वेळेच्या नोंदीसह, लिहून काढा. आपोआप लिहून देणारी साधने आता उपलब्ध आहेत आणि त्यांनी वेळ वाचतोही, परंतु बोलीभाषा, विशेषनामे आणि अर्धवट सोडलेली वाक्ये यांत ती हमखास चुकतात. त्यामुळे मूळ आवाज ऐकत संहिता तपासणे टाळता येत नाही. खरे तर हे तपासणे म्हणजेच फुटेजशी तुमची पहिली खरी ओळख असते. ऐकताना समासात आवाजाविषयी खुणा करा : येथे बोलणारी व्यक्ती थबकली, येथे स्वर बदलला, हे वाक्य पाठ केल्यासारखे आले. कागदावर अत्यंत प्रभावी वाटणारे वाक्य प्रत्यक्षात निर्जीवपणे उच्चारलेले असू शकते आणि कागदावर तुटक दिसणारे एखादे उत्तर ऐकताना काळजाला भिडते. केवळ संहिता वाचून निवड करणाऱ्या संकलकाला हा फरक कळत नाही.

त्यानंतर निवडलेले तुकडे कागदावर क्रमाने मांडा. कोण काय म्हणते याच्या याद्या करण्यापेक्षा, एका तुकड्यातून प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर किंवा त्याला छेद देणारी गोष्ट कोणाच्या बोलण्यात आहे, असा शोध घ्या. पाच जण एकच गोष्ट सांगत असतील तर ती एकाच्याच तोंडी ठेवा. एखाद्या व्यक्तीने वेळ दिला म्हणून तिला चित्रपटात जागा दिलीच पाहिजे, हा संकोच विद्यार्थ्यांच्या माहितीपटांचे फार नुकसान करतो. त्या व्यक्तीला तसे आपुलकीने कळवावे, परंतु कट मात्र निर्धास्त द्यावा.

कागदावरचा क्रम टाइमलाइनवर आणल्यावर पडदा बंद करून फक्त ऐका. संकलकांमध्ये याला रेडिओ कट म्हणतात. चित्राविना ऐकताना जेथे धागा तुटतो, तेथे चित्र घालून तो जोडला जाईल ही आशा सहसा फोल ठरते, कारण चित्र अशी जागा झाकते, दुरुस्त करत नाही. रेडिओ कट पंधरा-सोळा मिनिटांवर आला आणि ऐकताना कंटाळा येईनासा झाला, म्हणजे चित्राकडे वळण्याची वेळ झाली. जेथे बोलणे फारसे नाही आणि कॅमेरा केवळ एखाद्या घटनेचा साक्षीदार आहे, अशा निरीक्षणात्मक माहितीपटाला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. तेथे वाक्याऐवजी संपूर्ण प्रसंग हे संकलनाचे एकक असते.

चित्र लावताना सर्वांत मोठा मोह असतो तो शब्दाला चित्र चिकटवण्याचा. बोलणारी व्यक्ती नदी म्हणाली की नदी, शाळा म्हणाली की शाळा, असे दाखवत गेल्याने प्रेक्षकाला एकच माहिती दोनदा मिळते आणि त्याचे लक्ष ढळते. कटअवे, म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी मध्ये दाखवलेली इतर दृश्ये, वापरायचेच आहेत, पण त्यांनी बोलण्यात नसलेले काही तरी सांगितले पाहिजे. आवाज आणि चित्र यांचे कट एकाच चौकटीवर देण्याची सवयही मोडावी. पुढच्या व्यक्तीचा आवाज तिच्या चेहऱ्याच्या किंचित आधी सुरू केला तर तो जे-कट होतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज चालू असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर गेले तर तो एल-कट. टाइमलाइनवर या कटांचा आकार त्या अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावे पडली. एवढ्या एका युक्तीने मुलाखतींच्या जोडणीतला खडबडीतपणा बराच कमी होतो.

रफ कट, म्हणजे माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी, तयार झाला की विषयाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना तो दाखवा आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. कसा वाटला, असे विचारले की लोक सौजन्याने उत्तर देतात; त्यांची चुळबुळ कोठे सुरू झाली, हे अधिक विश्वसनीय असते. दुरुस्त्या संपल्यावर पिक्चर लॉक जाहीर करा, म्हणजे यापुढे एकही चौकट हलणार नाही असे गटाने ठरवा. ध्वनिमिश्रण सुरू झाल्यानंतर मध्येच दहा चौकटी कापल्या, तर त्यापुढचे सर्व ध्वनितुकडे पुन्हा जुळवावे लागतात आणि गटातील भांडणे बहुधा तेथूनच सुरू होतात.

प्रश्न : मुलाखतीच्या आवाजात पंख्याची घरघर आणि विजेचा बारीक गुणगुणाट आहे. नॉइज रिडक्शन लावल्यावर तो जातो, पण बोलणारी व्यक्ती पाण्याखालून बोलते आहे असे वाटते. काही ठिकाणी आवाज फाटलाही आहे.

उत्तर : तुम्ही नॉइज रिडक्शन बहुधा एकदम जोरात आणि सर्वांत आधी लावले आहे. आधी हाय-पास फिल्टरने सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका, कारण मानवी बोलण्याचा उपयुक्त भाग बहुतांशी त्याच्या वर असतो आणि घरघरीचा बराचसा जोर त्याच्या खाली. विजेचा गुणगुणाट पुरवठ्याच्या वारंवारितेवर, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झवर, आणि तिच्या पटींवर आढळतो. तेथे केवळ तेवढीच वारंवारिता दाबणारा अरुंद नॉच फिल्टर लावता येतो. एवढे करून जे उरेल त्यावरच नॉइज रिडक्शन वापरा आणि तेही हलक्या हाताने. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरला नमुना म्हणून केवळ गोंगाट असलेला तुकडा द्यावा लागतो, त्यात श्वासाचासुद्धा आवाज नसावा. एकाच फेरीत २० डेसिबल कमी करण्याऐवजी ६ डेसिबलच्या आसपास थांबा आणि ऐका. पार्श्वभूमीत थोडी घरघर राहिली तरी प्रेक्षक काही वेळात ती विसरतो. विद्रूप झालेला मानवी आवाज मात्र तो विसरत नाही.

आवाज फाटला आहे, याचा अर्थ ध्वनिमुद्रणाच्या वेळी पातळी डिजिटल मोजणीतील शून्य डेसिबलला जाऊन आदळली. तेथे ध्वनिलहरीचा माथाच कापला गेलेला असतो आणि कापलेला भाग फाइलमध्ये नसतो. दुरुस्तीची साधने त्याचा अंदाज बांधतात, पण फार फाटलेला आवाज त्यांनी सुधारत नाही. पुढच्या वेळी बोलण्याचे उच्च बिंदू उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवा आणि मुलाखत सुरू असताना हेडफोन कानावरून काढू नका. मुलाखत संपल्यावर सर्वांना शांत बसवून त्याच खोलीतील निदान तीस सेकंदांची शांतता ध्वनिमुद्रित करा. तिला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांमधला अनावश्यक भाग कापल्यावर तेथे पूर्ण निःशब्दता राहिली तर कानाला खड्डा जाणवतो आणि रूम टोनने तो भरून निघतो. माइक तोंडापासून हातभर अंतरावर आणणे हा मात्र या साऱ्या फिल्टरांहून मोठा उपाय आहे.

प्रश्न : आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. सुरुवातीला ओठांशी जुळतो, पण चाळीस मिनिटांनंतर मागे पडतो. आमचे काय चुकले?

उत्तर : कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळे स्वतंत्र असतात आणि त्यांच्यातला सूक्ष्म फरक दीर्घ मुद्रणात साचत जातो. प्रथम दोन्हींची सेटिंग्ज तपासा : व्हिडिओच्या कामात ध्वनीचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या ध्वनिनमुन्यांची संख्या) ४८ किलोहर्ट्झ ठेवण्याची पद्धत आहे, आणि फोनचा अस्थिर फ्रेमदर हेही अशा घसरणीचे कारण असू शकते. दोन्ही ठीक असतील, तर मुलाखतीतील शांत जागी ध्वनी कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवा. चित्र आणि आवाज जुळवता यावेत म्हणून चित्रीकरणात सुरुवातीला एक टाळी वाजवण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. शेवटीही एक वाजवली, तर एकूण घसरण नेमकी मोजता येते.

सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एका शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येतो, परंतु मागे पडलेला आवाज लक्षात यायला सुमारे १२५ मिलिसेकंदांचे अंतर लागते. प्रकाशाहून ध्वनी संथ असल्यामुळे दुरून येणारा आवाज उशिरा ऐकण्याची आपल्याला सवय असते, आधी ऐकण्याची मुळीच नसते. जुळवताना शंका वाटली, तर आवाज एखाद्या चौकटीने पुढे ठेवण्यापेक्षा मागे ठेवलेला बरा.

प्रश्न : एका व्यक्तीच्या दोन वेगवेगळ्या उत्तरांतील अर्धी-अर्धी वाक्ये जोडून एक सुटसुटीत वाक्य तयार केले आणि जोड कटअवेने झाकला. हे चालते का?

उत्तर : अडखळणे, पुनरुक्ती आणि विषयांतर काढून टाकणे हा संकलनाचाच भाग आहे आणि तसे केल्याशिवाय बारा मिनिटांचा माहितीपट होणार नाही. मात्र त्या व्यक्तीने न मांडलेला विचार जोडणीतून तयार होत असेल, तर तो जोड कितीही सफाईदार असला तरी काढून टाका. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नापुढे ठेवणे, ‘कधीकधी’ हा शब्द कापणे, किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू भलत्या वाक्यानंतर आणणे हेही त्याच जातीचे आहे आणि टाइमलाइनवर ते करणे भयंकर सोपे असते. त्या व्यक्तीच्या शेजारी बसून हा भाग पाहताना तुम्हाला अवघडल्यासारखे वाटेल का, असा प्रश्न स्वतःला विचारा. आणि शक्य असेल तेथे खरोखरच शेजारी बसून पाहा.

प्रश्न : क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेले संगीत माहितीपटात मोकळेपणाने वापरता येते ना?

उत्तर : परवान्याचा नेमका प्रकार पाहिल्याशिवाय वापरू नका. केवळ श्रेय देण्याची अट असलेला परवाना सोयीचा असतो. ‘व्युत्पन्न कृती नको’ अशी अट असलेले संगीत मात्र माहितीपटात घेता येत नाही, कारण चालत्या चित्राशी संगीताची वेळ जुळवली की क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनुसार ती व्युत्पन्न कृती ठरते. संगीताचा एक सूरही न बदलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हे ध्यानात येत नाही. ‘त्याच परवान्याखाली वाटप’ ही अट असेल, तर तुमचा माहितीपटही त्याच किंवा त्याला समकक्ष परवान्याखाली प्रसिद्ध करावा लागतो. आणि व्यावसायिक वापराला मनाई असेल, तर पुढे माहितीपट विकण्याची वाट बंद होते. संगीत टाइमलाइनवर घेतानाच त्याच्या परवान्याचे पान तारखेसह जतन करा आणि रचनेचे नाव, संगीतकार, दुवा व परवान्याचा प्रकार श्रेयनामावलीच्या फाइलमध्ये त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण पुढे ते पान काढून टाकले गेले तर परवानगी होती हे दाखवायला तुमच्यापाशी तेवढीच नोंद असेल.