जूनची परिषद, मिरगाची पेरणी आणि लाखाचा लॅपटॉप

प्रश्न (उदगीर तालुक्यातून, मे महिन्यात आलेला, थोडक्यात) : सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलगी इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षात आहे. १ जुलैपासून पुण्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिना १२,००० मिळणार. आयफोनची ॲप बनवायचं काम आहे म्हणून मॅकबुक (ॲपलचा लॅपटॉप) लागेल म्हणते. जूनमध्ये ॲपलची परिषद आहे, त्यात नवीन काही येईल, तोवर थांबू, असं तिचं म्हणणं. दुकानदार म्हणतो आत्ताच घ्या, नवीन आलं की भाव वाढणार. मेहुण्यांनी २०१७ चा जुना मॅकबुक प्रो ३८,००० ला बघून ठेवलाय. बचत खात्यात १,३५,००० आहेत, २ लाखांची एफडी नोव्हेंबरात पिकते. पेरणीला सात एकरांचं बी, खत, पहिली फवारणी धरून ७०,००० लागतील. पीककर्ज नवं-जुनं करून (जुनं फेडून नवं उचलून) त्यातून लॅपटॉप घ्यावा, की दुकानातला बिनव्याजी हप्ता बरा?

उत्तर : थांबा, पण मुलगी सांगते त्या कारणासाठी नाही. जूनच्या २० ते २२ तारखेच्या दरम्यान नवा मॅकबुक एअर (मॅकबुकमधलं हलकं मॉडेल) विद्यार्थी भावाने घ्या. ३८,००० चा प्रो सोडून द्या. पीककर्जातला एक रुपयाही इकडे वळवू नका.

त्याआधी एक काम, ज्याला पैसे लागत नाहीत. मुलीला कंपनीला ईमेल करून विचारू द्या, की इंटर्नला मशीन कंपनी देते का स्वतःचं आणायचं. पुष्कळ कंपन्या आपल्या कामाचा कोड बाहेरच्या लॅपटॉपवर ठेवूच देत नाहीत, स्वतःचं मशीन देतात. उत्तर 'कंपनी देईल' असं आलं तर सहा महिने हा विषयच बंद, आणि खालचं सगळं डिसेंबरात वाचा. फोनवर विचारू नका, लेखी घ्या. 'बहुतेक देतील' या शब्दावर लाखाची खरेदी ठरवू नये, तशी टाळूही नये.

आता परिषदेचं. डब्ल्यूडब्ल्यूडीसी ही ॲपलची वार्षिक परिषद ॲप बनवणाऱ्यांसाठी असते, गिऱ्हाइकांसाठी नाही. तिथे मुख्यतः आयओएस आणि मॅकओएस, म्हणजे आयफोन आणि मॅक चालवणाऱ्या प्रणाली, यांच्या पुढच्या आवृत्त्या दाखवतात. मशीन कधी येतात, कधी येत नाहीत. २०२२ ला ॲपलच्या स्वतःच्या एम२ चिपचा मॅकबुक एअर तिथेच आला, २०२३ ला १५ इंची एअर आला. त्यामुळे मुलीची आशा हवेतली नाही. पण त्यानंतर एअरने महिना बदलला : एम३ चा एअर मार्च २०२४ मध्ये आला, एम४ चा मार्च २०२५ मध्ये. २०२४ आणि २०२५ च्या परिषदांत एकही नवं मशीन आलं नाही. म्हणजे तुम्ही जे विकत घेणार आहात ते जूनमध्ये बदलण्याची शक्यता कमी आहे. (घरात कोणी आयफोनची वाट बघत असेल तर त्याचा जूनशी संबंध नाही, तो सप्टेंबरात येतो.)

दुकानदाराचं म्हणणंही तितकंच कच्चं आहे. एम३ चा एअर भारतात १,१४,९०० पासून सुरू झाला होता. एका वर्षाने एम४ चा आला तो ९९,९०० ला. नवीन आल्यावर भाव वाढतोच असा नियम नाही, उतरतोच असाही नाही. मे महिन्यात दुकानदाराला गोदामातला माल हलवायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

परिषदेतलं एक मात्र मुलीला नीट समजावून सांगा. तिथे जे पडद्यावर दिसतं ते त्या दिवशी हातात येत नाही. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सप्टेंबरात येते. २०२४ ला १६ सप्टेंबरला आली, २०२५ ला १५ सप्टेंबरला. आणि सगळंच येतं असंही नाही. जून २०२४ मध्ये तुमचे निरोप, तुमचा पडदा समजून काम करणारी नवी सिरी (बोलून काम सांगायची सोय) दाखवली होती. मार्च २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की तिला अजून वेळ लागेल. त्या सिरीच्या भरवशावर ज्यांनी महागातला फोन घेतला, त्यांनी वायद्याचे पैसे रोख मोजले. मशीन आज जे करतं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. उद्या मोफत अपडेटमध्ये जास्तीचं मिळालं तर घ्यायचंच आहे.

मग २० जूनपर्यंत थांबायचं कशाला? दोन कारणं. विद्यार्थी भाव बाराही महिने असतो. एम४ चा एअर आला तेव्हा तो ८९,९०० होता, म्हणजे दहा हजारांनी कमी. पण मागची काही वर्षं जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात कॉलेज सुरू होण्याची ऑफर लागते आणि मॅकवर एअरपॉड्ससारखी (बिनतारी इअरफोन) वस्तू सोबत मिळते. ती फुकट वस्तू नफ्यात धरू नका, कारण मुलगी स्वतःच्या पैशाने ती घेणार नव्हती. पण मशीन १ जुलैलाच लागणार असेल तर मेमध्ये घेऊन ऑफर सोडायची कशासाठी? २२ तारखेपर्यंत ऑफर लागली नाही तरी घेऊन टाका. पार्सलला चार दिवस, आणि पुण्याला जाण्याआधी घरी तपासायला दोन-तीन दिवस हवेत.

मराठवाड्यात ॲपलचं स्वतःचं दुकान नाही, जवळचं म्हणजे पुण्यात कोरेगाव पार्कला. पण त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. ॲपलच्या भारतातल्या वेबसाइटवर एज्युकेशन स्टोअर आहे, कॉलेजच्या ओळखपत्रावर किंवा कॉलेजच्या ईमेलवर पडताळणी होते. लातूरच्या किंवा नांदेडच्या अधिकृत विक्रेत्याला आधी विचारा, काही जण ओळखपत्र बघून तोच भाव देतात आणि वर बँकेच्या कार्डाची सूटही लावतात. दुकानातून घेतलं तर खोकं फोडण्याआधी त्यावरचा सीरियल नंबर ॲपलच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाका. मशीन आधीच चालू झालेलं निघालं तर एक वर्षाची वॉरंटी केव्हाच सुरू झालेली असते, त्या दुकानातून बाहेर पडा. जीएसटीचं पक्कं बिल मुलीच्या नावाने घ्या.

दुसरं कारण तुमच्या शेतातलं आहे, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. परिषद आणि मिरग एकाच आठवड्यात येतात. १,३५,००० मधून पेरणीचे ७०,००० गेले. राहिले ६५,०००. त्यातले ३०,००० दुबार पेरणीसाठी वेगळे काढा. सोयाबीनला एकरी ३० किलोच्या आसपास बी लागतं, म्हणजे सात एकरांना दोन क्विंटलच्या वर. पेरून पावसाने ताण दिला तर हे बी, पेरणीची मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं पुन्हा द्यावं लागतं, आणि तेव्हा उधारीवर बी देणारा आपला भाव लावतो. उगवण होऊन वरून पाऊस बसला तरी पिकाचा भरवसा धरू नका, २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी तुम्ही पाहिलीच आहे. म्हणजे लॅपटॉपसाठी तुमच्याकडे खरे मोकळे पैसे ३५,००० आहेत, १,३५,००० नाहीत.

मशीन ९०,००० ला पडलं तर ५५,००० कमी पडतात. ते कुठून आणायचे, यात माणसं जास्त चुकतात.

बिनव्याजी हप्ता बिनव्याजी नसतो. बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून हप्त्यांची बेरीज किमतीएवढी दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्या बिलात येतो. एक लाख, १२ हप्ते, १६ टक्के दर धरला तर आतलं व्याज सुमारे ८,१५० निघतं, त्यावर जीएसटी सुमारे १,४७०, प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा कर. मिळून १,७०० च्या आसपास. हे फार नाही, पण रोखीत मिळणारी सूट हप्त्यात सुटली तर आकडा पाच-सहा हजारांवर जातो. म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारा : रोख किती, आणि हप्त्याने एकूण किती.

एफडी मोडू नका. ती वर्षाची आणि ७ टक्क्यांची धरली, तर जूनमध्ये सात महिन्यांनी मोडल्यावर ठरलेला दर मिळत नाही. सात महिन्यांना जो दर असेल, समजा ६, त्यातून दंडाचा १ टक्का जातो. २ लाखांवर दोन टक्क्यांचा फरक सात महिन्यांसाठी म्हणजे सुमारे २,३०० चं नुकसान. त्यापेक्षा त्याच एफडीवर कर्ज घ्या. बँका साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. ५५,००० पाच महिने ८ टक्क्यांनी वापरले तर व्याज सुमारे १,८३०. त्याच काळात तेवढ्या एफडीवर तुमचे १,६०० जमतात. निव्वळ खर्च सव्वादोनशे-अडीचशे. ओव्हरड्राफ्ट स्वरूपात घ्या, म्हणजे जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज. जुलैच्या मध्यापर्यंत उगवण चांगली झाली आणि दुबारची वेळ आली नाही, तर बाजूचे ३०,००० लगेच त्यात भरा. उरलेले २५,००० नोव्हेंबरात एफडी पिकली की आपोआप फिटतात.

मुलीचे १२,००० या हिशेबात मुद्दाम धरले नाहीत. पुण्यात कॉट-बेसिस खोली, मेस आणि बस यातच ते संपतील, थोडे तुम्हालाच घालावे लागतील.

पीककर्जाचा विचार आकर्षक वाटतो, कारण महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. पण सगळी सवलत 'मुदतीत' या शब्दावर टांगलेली आहे. लॅपटॉपमध्ये अडकलेली रक्कम मार्चपर्यंत परत आली नाही आणि खातं थकलं, तर सवलत लॅपटॉपच्या रकमेपुरती जात नाही, अख्ख्या कर्जावरची जाते. दीड लाखाच्या कर्जावर ७ टक्क्यांनी वर्षाचे १०,५०० झाले. मोंढ्यातल्या आडत्याकडून उचल घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा : महिन्याला २ टक्के म्हणजे ५५,००० वर पाच महिन्यांचे ५,५००, आणि माल त्यालाच घालायचं बंधन वेगळं. घरात सोयाबीन ठेवलेलं असेल तर ते लॅपटॉपच्या तारखेसाठी विकू नका. ते भाव बघून विका.

आता मेहुण्यांचा प्रो. ३८,००० हा आकडा दिसायला छान आहे, पण हे मशीन तुमच्या मुलीचं काम करू शकत नाही. २०१७ चा मॅकबुक प्रो इंटेल कंपनीच्या चिपचा आहे आणि तो मॅकओएसच्या व्हेंचुरा या जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. व्हेंचुरावर एक्सकोड, म्हणजे आयफोनची ॲप बनवायचं साधन, १५.२ या आवृत्तीपर्यंतच चालतं. ॲप स्टोअरने मात्र एप्रिल २०२५ मध्येच एक्सकोड १६ किंवा त्यापुढच्याने बनवलेलीच ॲप घेण्याची अट घातली, आणि ही अट दर वर्षी पुढे सरकते. जुगाड करून नवी मॅकओएस बसवणारे आहेत, पण इंटर्नशिपच्या कामाला जुगाड नको. यापेक्षा नवा इंटेलही घेऊ नका : २०२५ ची मॅकओएस टाहो ही इंटेल मशीनसाठीची शेवटची आवृत्ती, असं ॲपलनेच त्या परिषदेत सांगितलं.

जुनंच घ्यायचं झालं तर निदान एम१ किंवा पुढचं, आणि १६ जीबी मेमरीचं. विकणाऱ्यासमोर मशीन पूर्ण पुसायला लावा, मग वायफाय जोडून नव्याने सुरू करा. 'रिमोट मॅनेजमेंट'चा पडदा आला तर ते कोणत्या तरी कंपनीचं मशीन आहे आणि कधीही बंद पडू शकतं. जुन्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तरी घेऊ नका. बॅटरीचे सायकल (ती किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली) सिस्टिम रिपोर्टमध्ये दिसतात, हजारच्या जवळ असतील तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करा.

नव्या एअरमध्ये १६ जीबी मेमरी पुरते. साठवण बेसिक मॉडेलला २५६ जीबी असेल तर ती लवकर भरते, कारण एक्सकोड आणि त्याची सिम्युलेटरं (ॲप तपासायचे पडद्यावरचे नकली आयफोन) मिळून ५० ते १०० जीबी सहज खातात. आतली साठवण नंतर वाढवता येत नाही. तरीही ५१२ साठी २०,००० जास्त देण्यापेक्षा (एम४ ला एवढाच फरक होता) प्रोजेक्ट आणि फोटो ठेवायला बाहेरून जोडायचा एसएसडी (साठवणीचं छोटं उपकरण) घ्यावा, असं माझं मत आहे.

परिषदेच्या पहिल्याच दिवशी नव्या मॅकओएसची डेव्हलपर बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, डाउनलोडला येते. मुलीचं एकच मशीन असताना ती त्यावर टाकू देऊ नका. प्रोजेक्ट उघडेना, प्रिंट निघेना, अशा तक्रारी तिथूनच सुरू होतात, आणि मागे यायचं तर मशीन पूर्ण पुसावं लागतं. ॲप स्टोअरवर ॲप टाकायला लागणाऱ्या डेव्हलपर सदस्यत्वाचे वर्षाला ९९ डॉलरही आत्ता भरू नका. एक्सकोड फुकट आहे, साध्या ॲपल आयडीवर स्वतःच्या आयफोनवर ॲप सात-सात दिवस चालवून बघता येते, आणि इंटर्नशिपची ॲप कंपनीच्या खात्यातून जातील. ते पैसे ती स्वतःची पहिली ॲप स्टोअरवर टाकेल त्या महिन्यात भरा.