आधी विहिरीवर जा, मग मॉडेल

भाऊ, जमिनीखालच्या पाण्यात नायट्रेट कसं पसरतं, याचं संगणकी मॉडेल करायला घेतलंस, चांगलं केलंस. पण वरूडकडच्या संत्राबागेतली विहीर आधी डोकावून बघ. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट. पाणी त्या भेगांतूनच पळतं. मॉडेलात सगळीकडे एकच सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण, टाकलीस तर दूषित पाणी कधी पोचेल, हे साफ चुकेल.

नायट्रेटच्या विघटनाचा दर पुस्तकातून उचलू नको. नायट्रेट संपवणाऱ्या जिवाणूंना सेंद्रिय कार्बन लागतो, ऑक्सिजन असला की ते काम थांबतं. म्हणून मोटार थोडा वेळ चालव, ताजं पाणी येऊ दे, आणि ऑक्सिजन तिथंच मोज. मी बाटल्या घरी नेऊन मोजला होता, तोवर आकडा बदलला होता. अख्ख्या पावसाळ्याची मेहनत वाया गेली.

आणि मॉडेलच्या जाळीचा चौकोन डिस्पर्सिव्हिटीच्या (वाहताना दूषित पाणी किती फाकतं हे सांगणाऱ्या लांबीच्या) दुपटीहून मोठा नको, नाहीतर गणितच खोटा पसारा दाखवतं.