मानमोडीची लस साऱ्या वाड्याने एकाच दिवशी द्या

पावसाळ्याच्या तोंडावर कोंबड्यांविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतले तीन इथे घेतो. पहिल्यावर सविस्तर लिहितो, कारण दर वर्षी सर्वांत जास्त खुराडी त्यातल्या मानमोडी रोगाने रिकामी होतात.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील एक ताई लिहितात : "चौदा गावठी कोंबड्या होत्या. आठवड्यात अकरा मेल्या. हिरवट-पांढरी हगवण होती, माना वाकड्या झाल्या. दुकानातून आणलेली पावडर पाण्यातून पाजली, पण काही उपयोग झाला नाही. उरलेल्या तीन वाचतील का? नवीन पिल्ले कधी आणू?"

ताई, तुम्ही सांगता ती सगळी लक्षणे राणीखेतची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीची आहेत. पक्के निदान तपासणीनंतरच होते. गेल्या वर्षी एक शेतकरी टोपलीत गोणपाट झाकून अशीच कोंबडी घेऊन आले होते. मान पिळवटून चोच आभाळाकडे गेलेली. समोर तांदळाचे दाणे टाकले, तर ती टोच मारी आणि दर वेळी दाणा बोटभर बाजूला राही. भूक होती, खायची धडपडही होती, पण तिला दाणा गाठता येत नव्हता. मानमोडीचा विषाणू मेंदू आणि नसांवर घाला घालतो, त्यामुळे हे होते.

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. तुम्ही पाजलेली पावडर बहुधा तीच होती, त्यामुळे हळहळ नको, ती लवकर दिली असती तरी कोंबड्या वाचल्या नसत्या. लसूण, हळद यांनीही हा रोग हटत नाही. उरलेल्या तिघींपैकी एखादी जगेल, पण वरून बरी दिसली तरी काही दिवस तिच्या विष्ठेतून रोग पसरत राहतो. त्यांना मोकळे सोडू नका आणि विकू तर मुळीच नका. रोग आला की उरलेल्या कोंबड्या पडेल भावात विकायची किंवा कापून वाटायची घाई होते. अशाने पिसे आणि आतडी घरोघर जातात आणि पाठोपाठ रोगही जातो. मेलेल्या कोंबड्या व्हाळात टाकू नका. विहिरीपासून दूर तीन फूट खड्डा खणून, वर चुना घालून पुरा. अंथरलेला भुसा जाळा, खुराडे घासून धुवा, चुन्याची सफेदी करा, उन्हात वाळू द्या आणि निदान महिनाभर रिकामे ठेवा. पिल्ले त्यानंतर आणा.

आता लसीचे. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा एक. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस, पंखाजवळ कातडीखाली अर्धा मिली. त्याच्या एक आठवडा आधी जंताचे औषध द्या. लहान पिल्लांना आर-टू-बी देऊ नका, त्यांना ती सोसत नाही. पुढे दर सहा महिन्यांनी लस द्यावी. आजारी कोंबडीला टोचू नये.

अडचण मला ठाऊक आहे. लसीची कुपी शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी येते आणि तुमच्याकडे कोंबड्या पंधरा. एकदा कालवली की कुपी दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकटीदुकटी कोणी आणत नाही. यावर माझा आग्रहाचा सल्ला आहे : वाड्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून दिवस ठरवा आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणा, हातात पिशवी घेऊन उन्हातून आणलेली लस टोचूनही वाया जाते. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यात शिरल्या की दार लावून घ्या आणि पहाटे सोडण्याआधी टोचणी उरका. शेजारणीच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर चरतात, त्यामुळे तुमच्या एकट्या घरची लस अपुरी पडते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला कोंबडा त्याच संध्याकाळी आपल्या कोंबड्यांत सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा, आणि त्याला दाणापाणी सगळ्यांत शेवटी द्या.

सत्तरीतून विचारणा आहे : "महिन्याची पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसते. दर पावसाळ्यात असेच होते."

ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. याचे मूळ ओल्या भुशात असते. आपल्याकडे जूनपासून जमीन सुकतच नाही, त्यात पाण्याचे भांडे कलंडले की जंतूंना आयतेच फावते. यावर औषध आहे. अँप्रोलियम डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाकिटावरच्या मापाने पाण्यातून द्या आणि त्या दिवसांत दुसरे पाणी ठेवू नका. रक्त दिसले त्याच दिवशी सुरू करा, दोन दिवस वाट पाहिली तर पिल्ले हातची जातात. भुसा रोज खालीवर करा, मुठीत दाबून गोळा झाला तर तो बदला. पाण्याचे भांडे विटेवर ठेवा. खुराड्याची जमीन अंगणापेक्षा वीतभर तरी उंच हवी. चिरे रचून ती उंच करणे हा खर्च एकदाच होतो आणि मला तो कुठल्याही औषधापेक्षा मोलाचा वाटतो.

डिचोलीहून : "तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या आल्या आहेत."

या कोंबड्यांच्या देवी, म्हणजे फाउल पॉक्स. मुख्यतः डासांमुळे पसरतात. खपल्या ओढून काढू नका, हळद घातलेले खोबरेल लावा. तीन-चार आठवड्यांत बहुतेक कोंबड्या सावरतात. तोंडात पिवळट थर दिसला आणि खाणे सुटले, तर मात्र दवाखाना गाठा. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना देवीची लस मिळते. डिचोलीच्याच पत्रात मऊ कवचाच्या अंड्यांचेही विचारले आहे : तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा, कोंबडी हवे तेवढे खाते.

एक गोष्ट मात्र तातडीची. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, परिसरात कावळेही मरून पडू लागले, तर बर्ड फ्लूची शंका घ्यावी लागते. देशात 2006 साली महाराष्ट्रातल्या नवापूरला तो प्रथम आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका, मुलांना दूर ठेवा आणि पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. नमुना तेच घेतील.